गुरुवार सगळ्यांचा होता तेव्हा

मुंबईकराचा रविवार, पुणेकराची दुपारची एक ते चार आणि पिंपरी-चिंचवडकराचा गुरुवार, या तीन गोष्टींना हात लावायची एकेकाळी कुणाची छाती नव्हती. पहिल्या दोन अजून बऱ्यापैकी शाबूत आहेत. तिसरी मात्र नव्या मंडळींना समजावून सांगावी लागते. राज्यातले सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम चालू, असं झालं तर विजेचा भार झेपायचा कसा? म्हणून औद्योगिक पट्ट्यांना साप्ताहिक सुट्टीचे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी भोसरीतली लेथ मशिनं गप्प, शॉपांची शटरं खाली. वीज मंडळही तोच मुहूर्त साधून दुरुस्ती काढणार. म्हणजे सुट्टी कारखान्याला आणि घरातल्या पंख्यालाही.

या वारात एक खोच होती. गुरुवार दत्ताचा, स्वामी समर्थांचा, साईबाबांचा. निम्म्याअधिक घरांत त्या दिवशी मांसाहार बंद. आठवडाभर राबलेल्या माणसाला हक्काची सुट्टी मिळायची ती नेमकी साबुदाण्याच्या दिवशी. त्यावर तोडगा निघाला होता: मटण बुधवारी रात्री. सेकंड शिफ्ट सुटून बाप घरी येईपर्यंत पोरं डोळे ताणून जागी, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चाळीतल्या अर्ध्या घरांत रश्शाचा वास.

दुसरी खोच शाळेची. शाळेला सुट्टी रविवारी, वडिलांना गुरुवारी. एकाच घरातली माणसं दोन वेगळ्या पंचांगांवर चाललेली. आमच्याकडे याच्यावर उपाय होता, आणि तोच या लेखाचा खरा विषय. महिन्यातून एका गुरुवारी पोरांनी शाळेला दांडी मारायची, घरच्यांच्या संमतीनं. तो गुरुवार ठरलेला असायचा, पगारानंतरचा पहिला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यापासून सात दिवसांत आणि जास्त असतील तर दहा दिवसांत पगार झाला पाहिजे, असं १९३६ चा वेतन कायदा सांगायचा. त्यामुळे सात तारखेला पाकीट, किराणावाल्याची वही चुकती आणि उरलेल्या पैशांत महिन्याची एक चैन. पोरांना पगाराची तारीख शाळेतल्या परीक्षेपेक्षा पक्की पाठ असायची.

वार

आज याच पट्ट्यात एका घरातल्या चौघांना एकत्र बसवायचं म्हणजे चार कंपन्यांचं वेळापत्रक जुळवणं. नवरा चाकणला, दर आठवड्याला बदलणारी पाळी. बायको हिंजवडीला, शनिवार-रविवार सुट्टी, पण रविवारी रात्री परदेशातल्या साहेबाचा कॉल. मुलीच्या क्लासची परीक्षा नेमकी शनिवारी. आजोबांना सगळे वार सारखेच, पण त्यांना कुणी विचारत नाही. कंपनीत ‘कॉम्प ऑफ’ नावाची चीज निघाली आहे. सुट्टीच्या दिवशी काम केलंत तर कधीतरी बदली सुट्टी मिळेल म्हणतात. ती मिळते मंगळवारी, जेव्हा घरात तुमच्याशिवाय कुणीच नसतं.

पूर्वी सुट्टी पडायची, पाऊस पडतो तशी, सगळ्यांच्या अंगणात एकदम. शेजारी घरात, मित्र घरात, न्हावी मात्र गर्दीत. कुणाला फोन करून ‘उद्या मोकळा आहेस का’ विचारावं लागत नव्हतं, आणि फोन होता तरी कुणाकडे? आता सुट्ट्या कमी झाल्यात असं नाही, कागदावर त्या वाढल्याच असतील. सगळ्यांची मिळून सुट्टी तेवढी गेली. बाकी बऱ्याच गोष्टी तेव्हापेक्षा बऱ्या आहेत, हे जुन्या माणसांनीही कबूल करावं. तेव्हाचा ‘डबल ओटी’ हौसेनं केलेला नसायचा, हप्ते फिटावेत म्हणून केलेला असायचा. आणि गुरुवारच्या सुट्टीत आईला सुट्टी होती, असं मला तरी आठवत नाही.

वाहन

सहलीचं वाहन एकच, चेतक. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली ही स्कूटर आमच्याच गावात बनायची, आणि तरी आमच्याच माणसांना ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नंबर लावला तेव्हा मुलगा पाळण्यात आणि स्कूटर दारात आली तेव्हा तो तिच्यावर पुढं उभा राहण्याइतका मोठा, असे हिशेब घरोघरी होते. बसण्याची रचना ठरलेली: धाकटा पुढं उभा, वडील हँडलवर, मधे थोरला सँडविच, मागे आई एका बाजूला पाय सोडून आणि तिच्या मांडीवर डब्याची पिशवी. स्कूटर रुसली की तिला एका अंगावर कलती करायची, मग किक. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं यावर पंपावर वाद व्हायचा.

रस्ता जुन्या मुंबई-पुणे हमरस्त्याचा. निगडी, देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, कामशेत, लोणावळा. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मोटारवाल्यांचे दिवस पालटले. दुचाकीला तिथं आजही मज्जाव आहे, त्यामुळे जुना रस्ता अजून दुचाकीवाल्यांचाच. आता त्यावरून चेतक पुन्हा दिसते, फक्त आवाज न करता. विजेवर चालणारी चेतक २०१९ मध्ये आली आणि २०२२ पासून ती आकुर्डीतच बनते. कलती करायची गरज नाही, ऑइलचा वाद नाही, आणि चौघांनी बसायची तर सोयच नाही. हेल्मेट डोक्यावर आणि माणसं दोन, हा बदल मात्र चांगलाच म्हणायचा.

ज्यांच्याकडे स्कूटर नव्हती त्यांची लोकल. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या कामगारांना कामशेतचा भात आणि मळवलीचे डोंगर शेजारचे झाले. शहरात फिरायला पीसीएमटीची बस. तिचं पुण्याच्या पीएमटीशी २००७ मध्ये लग्न लागून पीएमपीएमएल झालं. आणि ‘पुण्याला जाऊन येतो’ हे वाक्य आम्ही परगावी निघाल्याच्या सुरात म्हणायचो. तुळशीबागेत खरेदी, मंडईत भाजी, एखादं नाटक, की दिवस संपला. २०२२ च्या मार्चमध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावली, २०२४ च्या सप्टेंबरपासून तीच गाडी मंडई आणि स्वारगेटपर्यंत जाते. परगाव आता बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

डबा

तेव्हाच्या सहलीचा मेनू विचारायची गरज नसायची. दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही-भात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले कांदे. विकत घ्यायचं ते शेवटी, परतताना लोणावळ्यातून चिक्की. तीही शेजाऱ्यांना वाटण्यासाठी, कारण आपण लोणावळ्याला गेलो होतो हे चिक्कीशिवाय सिद्ध होत नसे.

आज डबा नेला तर पोरं लाजतात. हमरस्त्यालगत मिसळ, मस्तानी आणि ‘चुलीवरचं’ सगळं आहे. मिसळीच्या रांगेत पाऊण तास उभं राहून मग गडावर जायला ऊन वाढतं आणि बेत मोडतो. एक जुनी गोष्ट नव्यानं करून बघावी: डबा न्यावा, पण तो आईनं एकटीनं करू नये. आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून पुऱ्या लाटाव्यात. ज्याची पुरी फुगणार नाही त्यानं पाण्याच्या बाटल्या वाहायच्या.

जागा

सुट्टीत जायच्या जागा बदलल्यात तशा कामाच्या जागाही. चिंचवडला एल्प्रोचा कारखाना होता, आज त्या जागी मॉल आहे. जिथं वडील हजेरीचं कार्ड पंच करत असतील तिथं मुलगा पार्किंगचं तिकीट पंच करतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि तिच्या कॉलनीतली झाडं हीच आमची पहिली बाग. टेल्कोत सुमंत मुळगावकरांनी कारखान्याआधी झाडं लावायचा हट्ट धरला, तळं केलं, आणि त्यावर पाहुणे पक्षी उतरू लागले. निगडीची दुर्गा टेकडी आणि चिंचवडचं मोरया गोसावींचं समाधी मंदिर तर पायीच. सिनेमा पिंपरीच्या ‘विशाल’ला.

पण या पट्ट्याचा खरा ऐवज धुराड्यांच्या मागे उभा आहे. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तुकाराम महाराजांच्या एकांताचे तीन डोंगर. तिन्ही आज एमआयडीसी, हमरस्ते आणि गृहप्रकल्पांच्या वेढ्यात आहेत. भामचंद्रच्या कड्यावरून खाली पाहिलं की चाकणच्या कारखान्यांची निळी-पांढरी छपरं लांबवर पसरलेली दिसतात. संसाराच्या कटकटीतून उठून शांत जागी बसायचं आणि पुन्हा संसारात परतायचं, याचा आदर्श शोधायला या भागातल्या माणसाला दूर जावं लागत नाही. देहूच्या वाण्यानं तो घालून दिला आहे, तोही दुकान सांभाळून.

महिन्याच्या महिन्याला बाहेर पडायचा आदर्शही इथलाच. मोरया गोसावी दर महिन्याच्या चतुर्थीला चिंचवडहून मोरगावला जायचे, असं परंपरा सांगते. अंतर सुमारे ८० किलोमीटर, तेही पायी. आजही भाद्रपदात आणि माघात चिंचवडची पालखी मोरगावला जाते. आणि आळंदीची वद्य एकादशीची वारी करणारे तर आजही शिफ्टच्या हिशेबात बसवून महिन्याला जातात. नाइट करून सकाळी इंद्रायणीच्या घाटावर उभे असलेले कितीतरी कामगार तुम्हाला भेटतील. त्या नदीवर कधीकधी फेस तरंगतो, तो कुठून येतो हे त्यांच्यापैकी अनेकांना कामामुळे ठाऊक असतं. तेही सुट्टीच्या दिवशी बघायला हवं.

रजेचं कारण

तेव्हा रजेचा अर्ज कागदावर असायचा आणि कारण नेहमी गंभीर. गावी जमिनीची मोजणी, सोयरीक, भावकीत मयत. नोकरीच्या तीस वर्षांत काहींच्या आज्या चारपेक्षा जास्त वेळा गेल्या. चैत्रात तर खेड, मावळ, मुळशीकडच्या सगळ्यांना एकदम ताप भरायचा, कारण गावची जत्रा आणि बैलगाडा. सुपरवायझरलाही ते ठाऊक असायचं, कारण त्याच्या गावची जत्रा आठवड्यानं. हा बैलगाडा २०१४ मध्ये थांबला आणि २०२१ च्या डिसेंबरात अटींसह पुन्हा सुरू झाला. मधली सात वर्षं या भागात चैत्रातली तब्येत चांगली राहिली म्हणतात.

आज अर्ज ॲपवर आणि कारण ‘पर्सनल’. पण तेव्हा खोटं बोलणाऱ्याला जे संरक्षण होतं ते आज नाही. सकाळी सातला साहेबांना ‘सर, अंगात कणकण आहे’ असा मेसेज आणि अकराला लोहगडाच्या विंचूकाट्यावरून स्टेटस. साहेबही ते बघतात. लाइक करत नाहीत, एवढाच त्यांचा मोठेपणा.

खरं तर खोटं बोलायची वेळच येऊ नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आठवड्याचा एक दिवस असा मिळवलेला आहे. महिन्याच्या एका दिवसाची तरतूदही कायद्यात आहे, फक्त आपण ती तशी वाचत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षाला २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरली. २४० भागिले २० म्हणजे १२, आणि वर्षाचे महिनेही बाराच. नव्या कामगार संहितेतही वीसला एक हेच प्रमाण आहे. ठेकेदारामार्फत लागलेला कामगारही कामगारच असतो, हेही कायद्यात आहे, जरी गेटवर ते विसरलं जात असलं तरी. बहुतेक जण ही रजा आजारपणासाठी, लग्नकार्यासाठी, दिवाळीत मराठवाड्या-विदर्भाच्या गाडीसाठी साठवतात. साठवावी, पण सगळी नको. निदान वर्षातल्या काही महिन्यांत एक दिवस विनाकारण घ्यावा.

महिन्याचा एक दिवस काढायचा कसा

तारखेनं ठरवाल तर मोडेल. तिथीनं किंवा पगारानं ठरवा. ‘दर महिन्याची पंधरा तारीख’ कुणाच्या लक्षात राहत नाही. ‘पगारानंतरचा पहिला माझा ऑफ’ राहतो. घरातल्या दोघांच्या सुट्ट्या जुळत नसतील तर महिन्याआड एकानं जुळवून घ्यायचं, आणि कुणाची पाळी आहे ते फ्रिजवर लिहून ठेवायचं. वाद फ्रिजशी घालता येत नाही.

नाइट शिफ्ट उतरली त्या दिवशी सहल ठेवू नका. गाडी चालवणं तर मुळीच नको. उतरल्या दिवशी झोप, दुसऱ्या दिवशी डोंगर.

ज्यांना अजून गुरुवारची सुट्टी आहे त्यांनी ती जपावी. रविवारी लोणावळ्यात जो रस्ता दिसत नाही तो गुरुवारी दिसतो. अख्खा महाराष्ट्र कामावर असताना आपण मोकळे असणं, ही या पट्ट्यातल्या माणसाची वडिलोपार्जित मिळकत आहे.

पहाटेची लोकल पकडून मळवलीला उतरा. एका बाजूला भाजे, लोहगड, विसापूर, दुसऱ्या बाजूला कार्ले. एका दिवशी एकच बाजू. लोहगड २०२५ मध्ये शिवनेरीसह जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे गर्दी वाढली आहे. लवकर चढा, उन्हाआधी उतरा. कार्ल्याच्या चैत्यगृहात प्रवेशद्वाराजवळचा शिलालेख जरूर शोधा. धेनुकाकटाच्या एका सुतारानं ते दार घडवल्याची नोंद त्यावर आहे, त्याच्या नावासकट. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर आपल्या कामावर नाव टिकवून आहे, हे फिटर-टर्नर घरातल्या पोरांना दाखवण्यासारखं आहे. दुपारी लोकल गाड्यांमध्ये मोठं अंतर पडतं, तेवढं वेळापत्रक आधी पाहून ठेवा.

चाकणला राहणाऱ्यांनी अर्ध्या दिवसाचा बेत करावा. सकाळी भामचंद्र किंवा भंडारा, येताना गावातला संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर माणसांनिशी हा भुईकोट शायिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. आता बुरूज थोडे उरलेत. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकात सापडलात तर वेढा म्हणजे काय हेही कळेल, म्हणून दुपारी तीनच्या आत घरी.

पावसाळ्यात पाण्यापासून लांब राहा. आमच्या लहानपणी इंद्रायणीकाठचा कुंडमळा म्हणजे हाकेच्या अंतरावरची मजा होती. १५ जून २०२५ च्या रविवारी तिथला जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला आणि माणसं गेली. पूर्वीही नदी तीच होती, पण गर्दी एवढी नव्हती आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा नव्हता. पाऊस बघायचा तर ओसरीतून, कड्यावरून नाही.

पैसे नसतील त्या महिन्यात मेट्रोनं मंडईला जा, तुळशीबाग पायी हिंडा, काहीही विकत घेऊ नका. जमलं तर मला कळवा, मला कधी जमलेलं नाही.

आणि वर्षातून दोन-तीन वेळा कुठंही जाऊ नका. तो दिवस घरातल्या बाईला द्या. ती उठेल तेव्हा उठेल, चहा दुसरा कुणी करेल, दुपारचं जेवण पुरुषांनी पोरांना घेऊन करायचं. पिठलं बिघडलं तरी त्याला नावं ठेवायची नाहीत. जुन्या गुरुवारची जी उणीव होती ती भरून काढायची हीच एक जागा आहे.

राहिला अर्ज. या महिन्यात रजा टाकाल तेव्हा कारणाच्या रकान्यात आजी मारू नका आणि ‘पर्सनल’ही लिहू नका. ‘कुटुंबासोबत सहल’ असं लिहा. एकानं लिहिलं तर साहेब हसेल, दहा जणांनी लिहिलं तर तो विचार करेल, आणि पन्नास जणांनी एकाच दिवसासाठी लिहिलं तर लाइनच थांबेल. तेव्हा मात्र कंपनीला पुन्हा सगळ्यांना एक वार द्यावा लागेल. माझं मत गुरुवारला. मटण बुधवारी करू.